वाइनचा वाचक : रोटी घाटापासून ‘डिकँटर’पर्यंत

पाककृतींचे पुस्तक वाचणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरात जात नाही आणि क्रिकेटचे समालोचन ऐकणारा प्रत्येक जण हाती बॅट धरत नाही. तरीही दोघांचा आनंद खोटा नसतो. वाइनच्या बाबतीतही असाच एक वर्ग जगभर आहे. महिन्याला एखादी बाटली उघडणारा, पण वाइनवरचे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा. बोर्दो किंवा टस्कनी त्याने पाहिलेली नसते. तेथील टेकड्या, पाऊस, घराणी आणि भांडणे मात्र त्याला आपल्या गावच्या ग्रामपंचायतीइतकी ठाऊक असतात.

या वाचकाचा विचार शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या संदर्भात करण्यास एक कारण आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा भाग ऊस, कांदा, साखर कारखाने आणि गुऱ्हाळांसाठी ओळखला जातो. पण याच दौंड तालुक्यात वाइन तयार झाली, तर शिरूरपासून जवळच असलेल्या राळेगणसिद्धीतून वाइनच्या खुल्या विक्रीला राज्यातील सर्वांत ठळक विरोध झाला. वाइन पिकते येथे, तिच्यावर वाद होतो येथे. तिच्याविषयीचे वाचन मात्र जवळपास सगळे इंग्रजीत आणि तेही परदेशी. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपल्याकडे आहेच. वाइनपुरती ती ‘पिकते तिथे वाचले जात नाही’ अशी म्हणावी लागते.

घाटावरची वायनरी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत जाऊन बारामतीच्या दिशेने वळले की रोटी घाट लागतो. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा वरवंडचा मुक्काम आटोपून याच घाटाने उंडवडीकडे जातो. याच रोटी गावच्या माळरानावर युनायटेड स्पिरिट्स या कंपनीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फोर सीझन्स’ वायनरी उभारली. फ्रेंच शातोच्या धर्तीची इमारत, भोवती शिराझ, कॅबरने सोव्हिन्याँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शेनँ ब्लाँ अशा जातींच्या बागा आणि खाली ओक लाकडाच्या पिंपांचे तळघर, असा तो पसारा होता. पुढे हा व्यवसाय ग्रोव्हर झाम्पा या समूहाकडे गेला.

रोटीची वायनरी एकटी नव्हती. जिल्ह्याच्या उत्तरेस नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडेज समूहाने १९८० च्या दशकातच फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाइन तयार करून ती परदेशी पाठवली होती. दक्षिणेस सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात ‘फ्रातेल्ली’चे मळे आले. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले आणि नाशिकचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. पुण्याच्या वेशीवर मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथीलच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था मुळात उसाची, पण तिने वाइन तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू केला.

म्हणजे द्राक्ष, शास्त्र आणि कारखाना या तिन्ही गोष्टी दौंडच्या रस्त्यावरच आहेत. चौथी गोष्ट म्हणजे वाइनविषयीचे लेखन. ते कसे घडले, हे पाहण्यासाठी मात्र लंडन, पॅरिस आणि बाल्टिमोरकडे वळावे लागते.

मासिकांचा जन्म

फ्रान्समधील ‘ला रव्ह्यू द्यू व्हँ द फ्रान्स’ हे नियतकालिक १९२७ पासूनचे. ते प्रामुख्याने फ्रेंच वाचकासाठी, फ्रेंच वाइनविषयी लिहिणारे. इंग्रजी वाचकाला स्वतःचे मोठे मासिक मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. लंडनचे ‘डिकँटर’ १९७५ मध्ये निघाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘वाइन स्पेक्टेटर’ हे वृत्तपत्राच्या आकाराचे पत्र सुरू झाले. १९७९ मध्ये मार्विन शँकन यांनी ते विकत घेतले आणि त्याचे चकचकीत मासिकात रूपांतर केले. १९७८ मध्ये रॉबर्ट पार्कर या मेरिलँडच्या वकिलाने ‘वाइन अ‍ॅडव्होकेट’ हे जाहिराती न घेणारे पत्रक काढले. तीन-चार वर्षांत हे सगळे घडले, हा योगायोग नव्हता. युद्धोत्तर पिढीच्या हाती पैसा आला होता, विमानप्रवास स्वस्त झाला होता आणि वाइन ही केवळ सरदार-उमरावांच्या तळघरातील वस्तू राहिली नव्हती. नव्या ग्राहकाला वाटाड्या हवा होता.

त्याच सुमारास एका घटनेने या लेखनाला नाट्य मिळवून दिले. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने एक चाचणी ठेवली. बाटल्यांची नावे झाकून फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन फ्रेंच परीक्षकांसमोर ठेवण्यात आल्या. लाल वाइनमध्ये ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ आणि पांढऱ्या वाइनमध्ये ‘शातो माँटेलेना’, अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या वाइन पहिल्या आल्या. तेथे हजर असलेला एकमेव वार्ताहर ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर होता. त्याने छोटी बातमी लिहिली आणि शतकांची उतरंड हलली. बातमी लिहिणारा तेथे नसता, तर ती दुपार एका खोलीत सुरू होऊन तेथेच संपली असती. स्परियर पुढे ‘डिकँटर’चे सल्लागार संपादक झाले; २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

लेखकांची घराणी

वाइनची मासिके नियमित वाचणारा माणूस हळूहळू वाइनपेक्षा लेखकांचा चाहता होत जातो. शास्त्रीय संगीतात जशी घराणी, तशी येथेही आहेत.

पहिले घराणे इंग्रज सुसंस्कृत गद्याचे. साहित्याचे प्राध्यापक जॉर्ज सेंट्सबरी यांनी १९२० मध्ये आपल्या तळघरातील बाटल्यांच्या नोंदींवर पुस्तक लिहिले आणि वाइन हा ललित लेखनाचा विषय होऊ शकतो हे दाखवून दिले. त्या परंपरेतील आधुनिक नाव ह्यू जॉन्सन यांचे. त्यांनी १९७१ मध्ये ‘द वर्ल्ड अ‍ॅटलास ऑफ वाइन’ हे नकाशांचे पुस्तक काढले. वाइनचा मूळ प्रश्न ‘ती कोठून आली’ हा आहे आणि त्याचे उत्तर नकाशात असते, ही त्यामागची साधी कल्पना होती. १९७७ पासून त्यांचे खिशात मावणारे वार्षिक पुस्तक निघू लागले. त्यातील नोंदी दोन-तीन ओळींच्या. पण एवढ्या जागेत एखाद्या मळ्याचा स्वभाव सांगण्याची त्यांची हातोटी अभ्यासण्यासारखी आहे.

दुसरे घराणे अभ्यासकांचे. जॅन्सिस रॉबिन्सन यांनी १९८४ मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ ही अत्यंत कठीण परीक्षा उत्तीर्ण केली. वाइन व्यापाराबाहेरून येऊन हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या. १९९४ मध्ये त्यांच्या संपादनाखाली ‘द ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू वाइन’ हा कोश आला. ‘फायनान्शियल टाइम्स’मधील त्यांचा स्तंभ वाचताना कळते, की माहिती आणि नर्मविनोद एकत्र नांदू शकतात. मायकेल ब्रॉडबेंट हे लिलावगृहातील तज्ज्ञ. शंभर-दीडशे वर्षे जुन्या बाटल्यांच्या त्यांच्या नोंदी इतिहासाच्या टिपणांसारख्या वाचल्या जातात.

तिसरे घराणे फटकळांचे. ऑबेरॉन वॉ हे त्याचे म्होरके. वाइनचे वर्णन करताना हात आखडता घेऊ नये, स्तुती आणि निंदा दोन्ही दणदणीत असाव्यात, असे त्यांचे मत. १९८६ मध्ये त्यांच्या स्तंभांचे पुस्तक निघाले. एखादी वाइन न आवडल्यास ते जे लिहीत, ते वाचून वाइन न पिणारासुद्धा हसत असे. ‘डिकँटर’मधील अँड्र्यू जेफर्ड हे चौथ्या, म्हणजे चिंतनशील घराण्याचे. त्यांच्या लेखात बाटलीपेक्षा डोंगर, हवा आणि माणसे अधिक असतात.

शंभर गुणांचे राज्य

पाचवे घराणे गुण देणाऱ्यांचे, आणि बाजारावर राज्य केले ते त्यांनीच. पार्कर यांनी ५० ते १०० अशी गुणांची पट्टी रूढ केली. अमेरिकन शाळेत शिकलेल्या कुणालाही ९२ आणि ७८ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, हे तिचे बळ. १९८२ च्या बोर्दो हंगामाविषयी इतर समीक्षक साशंक असताना पार्कर यांनी तो असामान्य असल्याचे लिहिले. पुढे तो हंगाम गाजला आणि त्यांचा शब्द प्रमाण ठरला. त्यांच्या नव्वदीपार गुणांवर किमती ठरू लागल्या. त्यांना गडद, पिकलेल्या, भारदस्त वाइन आवडतात असा समज पसरला आणि अनेक मळ्यांनी त्याच चवीची वाइन करण्यास सुरुवात केली, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. ‘वाइन अ‍ॅडव्होकेट’ची मालकी त्याच वर्षी पूर्णपणे ‘मिशलँ’कडे गेली.

गुण की वर्णन, हा वाद अद्याप मिटलेला नाही. गुण घाईत असलेल्या ग्राहकाच्या उपयोगी पडतो. दुकानात उभे राहून कुणी निबंध वाचत नाही. पण वाचकाला गुणातून काहीच मिळत नाही. ९१ गुण मिळालेली बाटली आपल्या जेवणातील झणझणीत रश्शासोबत जाईल की नाही, हे तो आकडा सांगत नाही. वाचनाची गोडी असलेला माणूस म्हणूनच गुणाकडे एक नजर टाकतो आणि वर्णनाकडे वळतो.

चव शब्दांत कशी धरावी?

वर्णन हाच या मासिकांचा सर्वांत रंजक आणि सर्वांत चेष्टेचा भाग. ‘गूजबेरी’, ‘ब्लॅककरंट’, ‘ओला दगड’, ‘पेन्सिलीचा भुसा’ हे शब्द प्रथम वाचणाऱ्यास ही थट्टाच वाटते. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅड्रियन लेहरर यांनी १९८३ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. सामान्य पिणारे एकाच वाइनसाठी निरनिराळे शब्द वापरतात आणि एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याला ती वाइन ओळखता येईलच असे नाही, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञ अ‍ॅन नोबल यांनी गंधांचे चक्र प्रसिद्ध केले. मध्यभागी ‘फळ’, ‘फूल’, ‘मसाला’, ‘माती’ असे ढोबळ गट आणि कडेला नेमके गंध. ‘छान’, ‘मोहक’, ‘राजस’ असे शब्द तेथे नाहीत. जे पुन्हा हुंगून पडताळता येईल तेवढेच तेथे आहे.

यातील बरेच शब्द निव्वळ कल्पना नव्हेत. त्यांना रसायनशास्त्राचा आधार आहे. कॅबरने सोव्हिन्याँमध्ये ढोबळ्या मिरचीचा वास येतो, कारण पायराझिन गटातील तेच संयुग दोहोंत असते. शिराझमधील काळ्या मिरीचा झणका ‘रोटंडोन’ या संयुगाचा. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ते ओळखले आणि प्रत्यक्ष मिरीतही तेच सापडले. काही पांढऱ्या वाइनमध्ये लोण्याचा वास येतो तो ‘डायअसेटिल’मुळे, जे खऱ्या लोण्यातही असते. सोव्हिन्याँ ब्लाँमधील फळांचा उग्र गंध ज्या गंधकयुक्त संयुगांतून येतो, त्या गटातील संयुगे पेरूतही आहेत.

हे कळले की मराठी वाचकाची अडचण दूर होऊ लागते. गूजबेरी त्याने पाहिलेली नाही. पण पिकू घातलेल्या पेरूंची पाटी घरात आली की दुसऱ्या खोलीत कळते. ब्लॅककरंट ठाऊक नाही. जांभूळ आणि करवंद आहे. ‘ओला दगड’ म्हणजे काय हे दौंड-शिरूरच्या माणसास शिकवावे लागत नाही. उन्हाळाभर तापलेल्या माळावर वळवाचा पहिला सडा पडला की जो वास उठतो, तो त्याच्या आठवणीतला आहे. ‘टॅनिन’ या शब्दासाठी तर मराठीत अस्सल शब्द तयार आहे : तुरट. इंग्रजी लेखकास टॅनिन समजावण्यासाठी कडक चहाचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे सुपारी, हिरडा, कच्चे जांभूळ, आवळा अशी तुरटपणाची सारी पट्टी आहे आणि आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानलेला आहे.

आशियातील इतरांनी हा मार्ग आधीच चोखाळला आहे. कोरियन वंशाच्या जेनी चो ली या २००८ मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ झालेल्या पहिल्या आशियाई. त्यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात आशियाई शहरांची खाद्यसंस्कृती आणि वाइन यांची सांगड घातली. जपानमध्ये ‘कामी नो शिझुकु’ ही चित्रकथा २००४ पासून साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. त्यातील नायक बाटली उघडताच त्याच्या डोळ्यांपुढे चित्र, गाणे किंवा आठवण उभी राहते. या चित्रकथेत नाव आलेल्या वाइनची मागणी जपान आणि कोरियात वाढत असे. दूरचित्रवाणी मालिका होऊन २०२३ मध्ये ती पुन्हा जगभर पोहोचली. वाइन परकी होती. लेखन मात्र स्वभाषेत आणि स्वतःच्या कल्पनाशक्तीतून आले, म्हणून ते रुजले.

वाचकाने सावध कोठे राहावे

या वाचनाचा आनंद घ्यायचा, तर त्यातील फट कोठे आहे हेही माहीत असावे. पहिली फट परीक्षकांच्या जिभेत आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन निर्गंध लाल रंग मिसळून देण्यात आली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसवले. रॉबर्ट हॉजसन या अमेरिकन संशोधकाने कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार दहांपैकी जेमतेम एका परीक्षकाला आपला निवाडा सुसंगत ठेवता आला. बाटलीवरील सुवर्णपदकाचे चिकटपत्र पाहताना हे आठवावे.

दुसरी फट पैशांची. ज्यांच्या जाहिराती, त्यांच्याच वस्तूंची समीक्षा, ही अडचण प्रत्येक नियतकालिकापुढे असते. २००८ मध्ये रॉबिन गोल्डस्टीन या लेखकाने मिलान येथे अस्तित्वातच नसलेल्या उपाहारगृहाच्या नावे ‘वाइन स्पेक्टेटर’कडे शुल्क आणि वाइनची यादी पाठवली आणि त्या उपाहारगृहास उत्तम वाइनयादीचा पुरस्कार मिळाला. मासिकाने ही हेतुपुरस्सर केलेली फसवणूक असल्याचे म्हटले; पण पुरस्कारामागची पडताळणी किती, हा प्रश्न उरलाच.

तिसरी फट मोहाची. दुर्मीळ बाटलीच्या कथा वाचकाला आवडतात आणि अशा कथांच्या आधारे खोट्या बाटल्याही विकल्या जातात. रूडी कुर्नियावान या तरुणाने अमेरिकेतील धनिकांना घरी मिसळलेली वाइन जुन्या फ्रेंच नावांनी विकली. २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या ग्राहकांत नवशिके कमी आणि जाणकार म्हणवणारे अधिक होते.

चौथी फट आरोग्याची, आणि ती सर्वांत मोठी. १९९१ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘फ्रेंच विरोधाभास’ या नावाने लाल वाइन हृदयास हितकर असल्याची कल्पना मांडली गेली आणि तेथील खप एकदम वाढला. मासिकांनीही ती उचलून धरली. पुढील संशोधनाने तो पाया डळमळीत केला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे सांगितले, की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही. कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्याचा समावेश तर १९८८ पासूनच आहे. वाइनची मासिके या बातमीला चवीच्या पानाइतकी जागा देत नाहीत.

राळेगणचा आक्षेप

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना बाजारपेठ मिळेल, ही शासनाची भूमिका होती. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी त्यास विरोध केला आणि १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. जनतेच्या हरकती मागवण्याचे आश्वासन मिळाल्यानंतर आणि ग्रामसभेच्या आग्रहावरून उपोषण स्थगित झाले आणि निर्णय रेंगाळला.

वाइनच्या वाचकाने हा आक्षेप गावंढळ म्हणून झटकू नये. ज्या गावाने दारूची भट्टी बंद करून स्वतःला सावरले, त्या गावाचा अनुभव पुस्तकी नाही. दौंड आणि शिरूर तालुक्यांतील असंख्य घरांत मद्य हा शब्द उच्चारला की चवीचे चक्र आठवत नाही. बुडालेली मजुरी आठवते. दुसरीकडे, द्राक्षाचा शेतकरीही याच मातीतला आहे. दोघांचेही म्हणणे ऐकून घेणारे लेखन परदेशी मासिकात मिळणार नाही. तेथील लेखकाला हा प्रश्न पडतच नाही.

शेतकऱ्याला याचे काय?

परदेशी मासिकांतील हंगामाचे तक्ते आपल्या उपयोगाचे नाहीत. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडली जातात. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणजे तेथे वेल झोपलेला असतो तेव्हा येथे घड भरत असतात. तेथे दहिवराची भीती, येथे अवकाळी पावसाची आणि गारपिटीची. अमुक साली रोटीच्या माळावर पाऊस कधी पडला आणि त्याने शिराझचे काय झाले, हे मराठीत लिहून ठेवणारा कुणी असता, तर त्या नोंदी शेतकऱ्याच्याही कामी आल्या असत्या.

लिखाणाच्या अभावाची किंमत एकदा चुकवून झालेली आहे. २००१ च्या धोरणानंतर वाइन द्राक्षांची लागवड वेगाने वाढली. ‘वाइनला सोन्याचे दिवस’ अशा मथळ्यांची कमतरता नव्हती. मागणी किती, साठवण किती, करार किती पक्के, हे तपासणारे लेखन विरळा. २००८ च्या जागतिक मंदीत खप घसरला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, काही बंद पडल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षे किंवा दुसरी पिके घेतली. वाइनच्या जाती खाण्यासाठी चालत नाहीत : मणी लहान, बिया मोठ्या, साल जाड. वायनरीने पाठ फिरवली की त्या मालाला दुसरा बाजार नाही. नेमके, निर्भीड आणि शेतकऱ्याच्या भाषेतील लेखन असते तर सगळे वाचले असते असे नव्हे. पण काहींनी करार सही करण्यापूर्वी दोन प्रश्न अधिक विचारले असते.

भारतात या विषयावर लेखन होतच नाही असे नाही. रेवा सिंग यांच्या संपादनाखाली ‘सोमेलिए इंडिया’ हे मासिक निघाले. सुभाष अरोरा यांच्या ‘इंडियन वाइन अ‍ॅकॅडमी’चे वार्तापत्र देशातील घडामोडी टिपत आले. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये भारतातील पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या. पण हे सारे इंग्रजीत, महानगरी ग्राहकाला उद्देशून. मराठी वृत्तपत्रांत वाइन येते ती महसुलाच्या, आंदोलनाच्या किंवा पर्यटनाच्या बातमीत.

मराठीला हे काम अवघड नाही. आंब्याच्या जाती, तांदळाचे वास, गुळाचे रंग यांविषयी आपली भाषा अतिशय नेमकी आहे. केडगाव-यवत पट्ट्यातील गुऱ्हाळवाला काहिलीतील रसाचा फेस पाहून आणि पाक बोटावर घेऊन गूळ कधी उतरवायचा ते सांगतो. त्याच्याकडे त्यासाठी शब्द आहेत. तीच नजर, तेच नेमकेपण आणि त्याच्या जोडीला तोट्याची बाजू न लपवण्याचा प्रामाणिकपणा असेल, तर रोटीच्या द्राक्षाविषयी वाचण्यासाठी लंडनच्या अंकाची वाट पाहावी लागणार नाही.

वाचताना भेटणारे शब्द

व्हिंटेज : ज्या वर्षी द्राक्षे तोडली ते वर्ष. बाटली भरल्याचे वर्ष नव्हे.

तेरुआर : माती, उतार, हवा आणि लागवडीची रीत यांतून येणारा जागेचा गुण. एकाच जातीचा कांदा दोन गावांत वेगळा लागतो, तसे.

टॅनिन : द्राक्षाची साल, बिया आणि ओकच्या लाकडातून येणारा तुरटपणा. लाल वाइनमध्ये अधिक.

बॉडी : तोंडात जाणवणारा भार. साईचे दूध आणि साय काढलेले दूध यांतील फरकाने समजावा.

फिनिश : घोट संपल्यावर मागे रेंगाळणारी चव आणि ती टिकण्याचा काळ.

कॉर्क्ड : बुचातील दोषामुळे बिघडलेली वाइन. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास ही खूण.

ब्लाइंड टेस्टिंग : नाव आणि किंमत झाकून केलेली चाचणी. समीक्षा वाचताना ती अशी झाली होती का, हे प्रथम पाहावे.

एन प्रिमर : वाइन पिंपात असतानाच, बाटली भरण्यापूर्वी केलेली विक्री. समीक्षकांच्या गुणांचा सर्वाधिक परिणाम येथे होतो.

(महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना घेणे कायद्याने आवश्यक आहे. वाइनविषयी वाचण्यास मात्र परवाना लागत नाही.)